"ते मी करणार नाही!" : जपानी मालिकेतली सर्जनबाई आणि तिच्या आधीच्या बायका

आज आपण एका सर्जनबाईबद्दल बोलणार आहोत. ही बाई खरी नाही, टीव्हीच्या मालिकेतली आहे. मालिकाही आपल्याकडची नाही, थेट जपानची. तिचं नाव 'डॉक्टर एक्स'. तुम्ही म्हणाल, आपल्या घरच्या मालिका काय कमी पडल्या म्हणून जपानची आणलीत? आणली, कारण या एका खोट्या बाईच्या मागे सव्वाशे वर्षांचा खरा इतिहास उभा आहे, आणि त्यातला एक धागा कल्याणला जन्मलेल्या एका मुलीपर्यंत येतो. ती मुलगी कोण, ते तुमच्यापैकी कित्येकींनी ओळखलंही असेल. तिच्यापर्यंत आपण येऊच.

आधी मालिकेची ओळख करून देतो. २०१२ च्या ऑक्टोबरात 'टीव्ही असाही' या वाहिनीवर ही मालिका सुरू झाली. दर गुरुवारी रात्री नऊ वाजता. नायिकेचं नाव मिचिको दाइमोन. ती पोटापासून मेंदूपर्यंत कुठलंही अवघड ऑपरेशन करते, पण कुठल्याही हॉस्पिटलच्या पगारपत्रकावर तिचं नाव नाही. एक म्हातारा डॉक्टर आहे, अकिरा कानबारा. तो डॉक्टर पुरवणारी छोटीशी एजन्सी चालवतो. हॉस्पिटलने मागणी केली की तो मिचिकोला पाठवतो. ऑपरेशन यशस्वी झालं की हा गृहस्थ हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांच्या दालनात हजर होतो, एका हातात भेट म्हणून खरबूज आणि दुसऱ्या हातात बिल. बिलाचा आकडा बघून साहेबांचा चेहरा कसा होतो, ते पाहायला प्रेक्षक दर भागात वाट बघत बसायचे.

मिचिकोचं काम केलं रयोको योनेकुरा या अभिनेत्रीने. उंच, सडपातळ, उंच टाचांचे बूट घालून हॉस्पिटलच्या लांबलचक व्हरांड्यातून टक टक करत येणारी. खायला बसली की दोन माणसांचं खाते. कुणाशी गोड बोलत नाही. आपल्याकडे जिला 'एकांडी शिलेदार' म्हणतात, तशी. मालिकेचा निवेदकही तिची ओळख कळपात न राहणारी लांडगी अशीच करून देतो.

तिची दोन वाक्यं साऱ्या जपानला पाठ झाली. पहिलं वाक्य, "मी चुकत नाही." आणि दुसरं एकाच शब्दाचं, "इताशिमासेन." म्हणजे, "करणार नाही."

या दुसऱ्या शब्दापाशी जरा थांबू या. मिचिको करारावर सही करताना सांगून टाकते की, ज्या कामाला डॉक्टरचा परवाना लागत नाही ते काम मी करणार नाही. मग दर भागात तिला काही ना काही सांगितलं जातं. मोठ्या सरांच्या मागून राउंडला चला. करणार नाही. त्यांच्या शोधनिबंधाला हातभार लावा. करणार नाही. जेवणावळीला या, गोल्फला सोबत या. करणार नाही. गंमत अशी की 'इताशिमासेन' हा उद्धट शब्द मुळीच नाही. जपानी भाषेत आदराच्या पायऱ्या फार. त्यात हे रूप नम्रतेचं आहे. मोठ्यांपुढे आपण लहान होऊन बोलतो तेव्हाचं. "माझ्याकडून हे होणे नाही" असं काहीसं. शब्द वाकलेला आणि अर्थ ताठ. ज्या देशात बाईने ऑफिसात सगळ्यांसाठी चहा करावा, कप विसळावेत, साहेबांच्या विनोदाला हसावं हे वर्षानुवर्षं न सांगता गृहीत धरलं गेलं, तिथे एक बाई अत्यंत सभ्य भाषेत म्हणते, हे माझं काम नव्हे. बायकांना ते का आवडलं असेल, हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

आता ती ज्यांना नाही म्हणते ते कोण, हे बघायला हवं. त्यासाठी थोडं मागे जाऊ.

जपानच्या विद्यापीठांच्या हॉस्पिटलांत एक जुनी व्यवस्था होती, तिला 'इक्योकु' म्हणतात. एकेका विभागाचा एकेक प्राध्यापक, आणि त्या विभागातल्या सगळ्या डॉक्टरांचं नशीब त्याच्या हातात. कोण कुठल्या गावच्या हॉस्पिटलात जाणार, कुणाला बढती, कुणाला पीएचडी, सगळं तोच ठरवणार. जुन्या वाड्यातल्या कर्त्या पुरुषासारखं. आठवड्यातून एकदा या प्राध्यापकाची फेरी निघायची. पुढे सर, मागे मानाच्या क्रमाने डॉक्टरांची रांग. मोठ्या डॉक्टरांचा राउंड आपणही पाहिलेला असतो, पण हा राउंड म्हणजे जवळजवळ पालखीच.

या व्यवस्थेवर पहिला मोठा घाव घातला तो एका लेखिकेनेच. तोयोको यामासाकी. ओसाकाची बाई, आधी वर्तमानपत्रात नोकरी केलेली. तिने १९६३ ते १९६५ या काळात एका साप्ताहिकातून 'शिरोई क्योतो', म्हणजे 'पांढरा महामनोरा', ही कादंबरी क्रमशः लिहिली. प्राध्यापकपद मिळवण्यासाठी काहीही करायला तयार असलेला एक हुशार सर्जन, त्याच्या हातून दुर्लक्षिला गेलेला एक रुग्ण, आणि मग कोर्टकचेरी, अशी ती गोष्ट. १९६६ साली तिच्यावर चित्रपट निघाला, १९७८ साली मालिका झाली, २००३ साली पुन्हा नवी मालिका झाली. तेव्हापासून जपानमध्ये 'पांढरा मनोरा' म्हटलं की डोळ्यांसमोर विद्यापीठाचं हॉस्पिटल आणि त्यातलं राजकारण येतं. पण त्या गोष्टीत खुर्चीसाठी झगडणारे सगळे पुरुष. बायका कुणाच्या तरी पत्नी, कुणाच्या तरी मैत्रिणी, किंवा परिचारिका.

'डॉक्टर एक्स'ने हाच मनोरा उचलला आणि त्याची टिंगल केली. तीच फेरी, तीच रांग, पण इथे प्राध्यापक काही बोलले की मागचे सगळे एका सुरात "ग्योई!" म्हणतात. हा दरबारी शब्द आहे, 'जशी आज्ञा' अशा अर्थाचा. दुसऱ्या पर्वापासून तोशियुकी निशिदा या थोर नटाने शिगेकात्सु हिरुमा नावाचा असा एक लबाड, लोभी, तरीही हसवणारा बडा डॉक्टर उभा केला की लोक त्याचीही वाट बघू लागले.

खऱ्या जगातही मनोऱ्याला तडे गेलेच होते. २००४ साली सरकारने नव्या डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचे नियम बदलले. आपल्याच विद्यापीठाच्या हॉस्पिटलात राहण्याऐवजी नवे डॉक्टर आपल्या पसंतीच्या ठिकाणी शिकायला जाऊ लागले. प्राध्यापकांची पकड सैल झाली. लहान गावांतल्या हॉस्पिटलांना डॉक्टर मिळेनात, आणि कराराने काम करणारे डॉक्टर, विशेषतः भूल देणारे, वाढले. मिचिको हवेतून पडलेली नाही, ती या फटीतून आत आली.

मैत्रिणींनो, आता डॉक्टरकी बाजूला ठेवून बाईच्या कामाकडे बघू या. जपानच्या छोट्या पडद्यावर मिचिकोच्या आधी कशी बाई गाजली होती? १९८३-८४ साली 'एनएचके' या सार्वजनिक वाहिनीवर 'ओशिन' ही मालिका रोज सकाळी लागायची. लेखिका सुगाको हाशिदा. ओशिन ही गरीब कुळाची मुलगी. एका पोत्याच्या तांदळासाठी तिला सातव्या वर्षी दुसऱ्याच्या घरी राबायला पाठवतात. बर्फातून, उपासातून, सासुरवासातून, युद्धातून ती तरून जाते. एका भागाला तर ६२.९ टक्के घरांतून प्रेक्षक मिळाले. ओशिनचं सगळं बळ सोसण्यात होतं. जपानी बायका तिच्यात आपल्या आईला, आजीला बघत होत्या आणि रडत होत्या.

ओशिन संपल्यावर वर्षभराने, १९८५ साली, जपानच्या संसदेने दोन कायदे केले. एक, नोकरीत स्त्री-पुरुषांना समान संधी देण्याचा. दुसरा, एजन्सीमार्फत कंत्राटी कामगार पुरवण्याला परवानगी देणारा. दोन्ही पुढच्या वर्षी, १९८६ साली लागू झाले. पहिल्या कायद्याने दार उघडलं खरं, पण भरती आणि बढतीबाबत सुरुवातीला मालकांना "प्रयत्न करा" एवढंच सांगितलं होतं. भेदभावाला सक्त मनाई पुढे १९९७ च्या दुरुस्तीने आली. तोवर कंपन्यांनी नोकऱ्यांचे दोन रस्ते करून टाकले. एक बढतीचा, एक मदतनिसाचा. बहुतेक बायका दुसऱ्या रस्त्यावर. दुसरा कायदा मात्र हळूहळू पसरत गेला. आधी ठरावीक कामांपुरता होता, १९९९ साली बहुतेक कामांना लागू झाला, २००४ साली कारखान्यांतही आला. २०१२ साली, म्हणजे आपली मालिका सुरू झाली तेव्हा, जपानमध्ये नोकरी करणाऱ्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक बायका कायम नोकरीत नव्हत्या. कुणी कंत्राटी, कुणी अर्धवेळ, कुणी मुदतीवर. पुरुषांमध्ये हे प्रमाण पाचात एक असं होतं.

या बायकांची गोष्ट पडद्यावर आणली मिहो नाकाझोनो या लेखिकेने. २००७ साली तिने 'हाकेन नो हिन्काकु' ही मालिका लिहिली. नावाचा अर्थ 'कंत्राटी कामगाराचा आब'. त्यातली हारुको ओमाए कंत्राटी आहे, पण ऑफिसातलं कुठलंही काम तिला कायम लोकांपेक्षा चांगलं येतं. संध्याकाळची वेळ झाली की ती उठते आणि चालू पडते. पुढच्याच वर्षी जगभर मंदी आली. कंपन्यांनी सगळ्यात आधी कंत्राटी लोकांना काढलं. कंपनीच्या खोल्यांत राहणारे लोक नोकरीबरोबर घरालाही मुकले. २००८ च्या शेवटच्या दिवशी टोकियोच्या हिबिया बागेत अशा लोकांसाठी तंबू ठोकले गेले, गरम जेवण वाटलं गेलं. जपानी माणसाच्या मनात नववर्षाचा सण म्हणजे घर आणि कुटुंब. त्या दिवशी बेघर झालेल्यांची ती रांग साऱ्या देशाने बातम्यांत पाहिली.

त्याच नाकाझोनोबाईंनी चार वर्षांनी मिचिकोला जन्म दिला. म्हणजे मिचिको ही हारुकोचीच धाकटी बहीण म्हणायची. कंत्राटीच, पण हातात चाकू असलेली. जिला कधीही काढता येतं, तीच इथे सगळ्यांत गरजेची ठरते. जिच्या मेहनतान्यात घासाघीस होते, तिचं बिल बघून साहेबांना घाम फुटतो. २०१३ आणि २०१४ च्या पर्वांना सरासरी वीस टक्क्यांच्या वर प्रेक्षक मिळाले, आणि तोवर लोक टीव्हीपासून दूर जायला लागले होते. २०२१ पर्यंत सात पर्वं झाली, आणि २०२४ च्या डिसेंबरात चित्रपटाने गोष्टीची सांगता झाली. निशिदा त्याआधी दोनच महिने वारले होते. स्वतः योनेकुरानेही २०२० साली आपली जुनी एजन्सी सोडून स्वतंत्रपणे काम सुरू केलं.

सोसणाऱ्या ओशिनपासून 'करणार नाही' म्हणणाऱ्या मिचिकोपर्यंत तीस वर्षं लागली. दोघींना लिहिणाऱ्या बायकाच होत्या, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आता कुणी म्हणेल, एकांडा सर्जन जपानला नवा नव्हता. बरोबर आहे. ओसामु तेझुका या चित्रकथाकाराने १९७३ सालापासून 'ब्लॅक जॅक' काढला होता. तेझुका स्वतः वैद्यकीचं शिक्षण घेतलेले. त्यांचा ब्लॅक जॅक असाच भरमसाट पैसे मागणारा, असाच अचूक हाताचा. पण दोघांत एक फरक आहे आणि आम्हाला तो फार मोठा वाटतो. ब्लॅक जॅककडे डॉक्टरचा परवाना नाही आणि त्याला त्याची फिकीरही नाही. मिचिको मात्र ऊठसूट परवान्याचं नाव काढते. माझ्याकडे परवाना आहे, परवान्याचं काम सांगा. पुरुष नायकाला कागद झुगारून मोठं होता आलं. बाईला कागद सोडून चालत नाही. का, ते तिच्या आधीच्या बायकांकडे पाहिलं की कळतं.

ओगिनो गिन्को. जन्म १८५१, आजच्या साइतामा भागातला. सोळा-सतराव्या वर्षी चांगल्या घरात लग्न झालं. नवऱ्याकडून तिला गुप्तरोग जडला. ती माहेरी परतली, सोडचिठ्ठी झाली. उपचारासाठी टोकियोच्या जुन्तेन्दो हॉस्पिटलात दाखल झाली. तिथे तपासणारे सगळे पुरुष. दुखणं एक आणि लाज त्याहून मोठी. आपल्यासारख्या बायकांना बाई डॉक्टर हवी, हे तिने तिथेच ठरवलं. शिकली, पण परीक्षेला बसू देईनात. 'आजवर असं झालेलं नाही' हे उत्तर. तेव्हा जुन्या राजकायद्याच्या भाष्यात स्त्रीवैद्यांचा उल्लेख आहे हे दाखवून दिलं गेलं, म्हणजे आधी झालेलं आहे! १८८४ साली परीक्षेचं दार बायकांना उघडलं आणि १८८५ साली ओगिनो गिन्को जपानची पहिली परवानाधारक स्त्री डॉक्टर झाली.

मैत्रिणींनो, १८८५ हे साल ध्यानात ठेवा. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात तीन विद्यार्थिनींचा एक फोटो काढला गेला. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. एक सीरियाची, साबात इस्लाम्बूली. एक जपानची, ओकामी केइको, किमोनो नेसलेली. आणि साडी नेसलेली तिसरी, आपली आनंदीबाई जोशी. कल्याणला जन्मलेली मुलगी म्हणालो होतो, ती हीच. तेव्हा ती वीस वर्षांची होती. पुढच्या मार्चमध्ये ती पदवीधर झाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या विभागावर तिची नेमणूक ठरली होती. पण ती परतली ती क्षयाने खंगून, आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात गेली. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं.

तिच्या शेजारी बसलेल्या ओकामी केइकोने १८८९ साली पदवी घेतली आणि ती जपानला परतली. टोकियोच्या जिकेई हॉस्पिटलात तिला काम मिळालं. पण काही वर्षांतच तिने ते सोडलं. सम्राटांची हॉस्पिटलला भेट होती आणि बाई डॉक्टर त्यांच्यासमोर नको असं ठरलं, म्हणून तिने राजीनामा दिला, असं सांगितलं जातं. परदेशातली पदवी, हातात परवाना, तरी समोर उभं राहायची परवानगी नाही! आनंदीबाईंबद्दल आपण कितीदा ऐकतो. त्या फोटोतल्या दुसऱ्या मैत्रिणीचं पुढे काय झालं, हेही आपल्याला माहीत असायला हवं.

आणखी एक नाव, योशिओका यायोई. ज्या खासगी शाळेत ती वैद्यकी शिकली त्या शाळेने बायकांना घेणं बंद केलं, तेव्हा तिने १९०० साली स्वतःच बायकांसाठी वैद्यकीय शाळा काढली. त्याच शाळेचं पुढे टोकियो स्त्री वैद्यकीय विद्यापीठ झालं. दुसरं महायुद्ध संपेपर्यंत सरकारी विद्यापीठांची वैद्यकीची दारं बायकांना जवळजवळ बंदच होती. त्यामुळे अशा शाळा हाच मार्ग होता.

तर हा परवाना असा मिळालेला आहे. मिचिको तो सारखा पुढे करते यात नवल ते काय?

आणि आता या गोष्टीतला सगळ्यात कडू घास. २०१८ चा उन्हाळा. 'डॉक्टर एक्स'ची पाच पर्वं झाली होती. शिक्षण खात्यातल्या एका अधिकाऱ्याच्या मुलाला टोकियो वैद्यकीय विद्यापीठात वशिल्याने प्रवेश दिल्याची चौकशी चालू होती. त्या चौकशीत भलतंच बाहेर आलं. हे विद्यापीठ प्रवेश परीक्षेत मुलींचे गुण गुपचूप खाली आणत होतं, आणि तेही निदान २००६ सालापासून. कारण काय? मुली डॉक्टर होतात आणि मग लग्न, बाळंतपण झालं की काम सोडतात, हॉस्पिटलला माणसं कमी पडतात. सरकारने बाकीची विद्यापीठं तपासली तर आणखी काही ठिकाणी असलेच प्रकार सापडले. त्यात एक होतं जुन्तेन्दो विद्यापीठ. हो, ज्या हॉस्पिटलात ओगिनो गिन्कोने बाई डॉक्टर व्हायचं ठरवलं, त्याचंच विद्यापीठ! तिथे मुलींना मुलांपेक्षा जास्त गुणांची अट होती. मुली लवकर समंजस होतात, मुलाखतीत चांगलं बोलतात, म्हणून तो फरक भरून काढला, असं कारण त्यांनी दिलं. म्हणजे बरं बोलता येतं हाही गुन्हा.

मुलींनी आणि बायकांनी विद्यापीठाच्या दारात निदर्शनं केली. नापास ठरवल्या गेलेल्या मुली कोर्टात गेल्या. २०२२ साली टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने दोन्ही विद्यापीठांना भरपाई द्यायला लावली. आणि मापात पाप उघड झाल्यावर काय झालं बघा. २०२१ च्या प्रवेशात देशभरातल्या वैद्यकीय विद्यापीठांत मुलींचं उत्तीर्ण होण्याचं प्रमाण मुलांच्या किंचित पुढे गेलं. सरकार हा हिशेब ठेवायला लागल्यापासून असं पहिल्यांदाच झालं. मुली अचानक हुशार झाल्या नव्हत्या. तराजू सरळ झाला होता.

म्हणजे ज्या वर्षांत साऱ्या देशाने गुरुवारी रात्री एका सर्जनबाईला टाळ्या वाजवल्या, त्याच वर्षांत खऱ्या मुलींना डॉक्टर होण्यापासून अडवलं जात होतं. जपानमध्ये तेव्हा पाच डॉक्टरांत जेमतेम एक बाई होती, आणि सर्जनांमध्ये तर फारच कमी.

आता तिचं पहिलं वाक्य पुन्हा आठवा. "मी चुकत नाही." ऐकताना बढाई वाटते. आम्हालाही त्यातला तोरा आवडतोच. पण हा सगळा इतिहास जवळ ठेवून ऐकलं की त्याचा वेगळा अर्थ लागतो. पुरुष सर्जन चुकला तर लोक म्हणतात, अमका डॉक्टर चुकला. बाई चुकली तर म्हणतात, बायकांना हे जमत नाही. एकीच्या चुकीचं बिल सगळ्यांच्या नावावर फाडलं जातं. म्हणून तिला चुकायची सोयच नाही. मालिकेनेही हे एका ठिकाणी नेमकं दाखवलं आहे. २०१७ च्या पर्वाच्या शेवटी मिचिको स्वतःच गंभीर आजारी पडते आणि तिचं ऑपरेशन इतरांना करावं लागतं. तेव्हा तिच्या वह्या सापडतात. ऑपरेशनच्या वाटा, अडचण आली तर काय करायचं, ते बारीक अक्षरात लिहून ठेवलेलं. न चुकण्यामागे जादू नव्हती, रात्र रात्र जागून केलेला अभ्यास होता.

खऱ्या सर्जनबायकांचंही हेच आहे. २०२२ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये जपानमधल्या जठराच्या आणि गुदाशयाच्या ऑपरेशनांचा मोठा अभ्यास छापून आला. बाई सर्जन आणि पुरुष सर्जन यांच्या निकालांत लक्षणीय फरक नव्हता, उलट बायकांच्या वाट्याला जास्त जोखमीचे रुग्ण आले होते, आणि त्यांना अनुभवाची वर्षंही कमी मिळाली होती. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं की परवाना मिळून तितकीच वर्षं झालेल्या पुरुषांपेक्षा बायकांना ऑपरेशनं कमी मिळतात, आणि अवघड ऑपरेशनांत तर हा फरक आणखी वाढतो. हात तितकेच तयार, पण चाकू उशिरा हाती येतो.

मालिकेत सगळंच चांगलं आहे असं आम्ही म्हणणार नाही. एकटी सर्जन येते, सगळं बरं करते, निघून जाते. खरी हॉस्पिटलं अशी चालत नाहीत. तिथे परिचारिका लागतात, रात्रपाळी लागते, दुसऱ्या दिवशी टाके बघणारं कुणीतरी लागतं. शिवाय मिचिकोला नवरा नाही, मूल नाही, घरी अंथरुणावर सासू नाही. विद्यापीठांनी मुलींना ज्या कारणाने नाकारलं, ते कारणच लेखिकेने तिच्या आयुष्यातून काढून टाकलं. मग 'नाही' म्हणणं जरा सोपं होतं. ज्या बाईला सहा वाजता पाळणाघरात पोचायचं आहे, तिचं काय?

पण लेखिका अगदीच विसरलेली नाही. मिचिकोची मैत्रीण हिरोमी जोनोउची ही भूल देणारी डॉक्टर. तीही स्वतंत्रपणे काम करते. घटस्फोटित, एकटीने मुलगी वाढवणारी. पैशाचा हिशेब काटेकोर ठेवते, कारण मुलीची फी भरायची असते. ऑपरेशनच्या टेबलापाशी रुग्णाच्या डोक्याशी उभी राहून त्याचा श्वास सांभाळते ती हीच. दिवस संपला की कानबाराच्या त्या जुनाट ऑफिसात सगळी मंडळी माहजोंगचा डाव मांडतात, आणि बेन केसी नावाचं मांजर तिथेच कुठेतरी लोळत असतं. हे नाव साठच्या दशकातल्या एका अमेरिकन डॉक्टर मालिकेचं. एकांडी म्हणवणारी मिचिको तशी एकटी नाहीच. तिच्या 'नाही'ला जेवणाचं ताट आणि झोपायला जागा देणारं एक घर आहे. म्हणूनच तिला नाही म्हणता येतं. ओगिनोलाही कुणी तरी शिकवलं होतं, यायोईने तर अख्खी शाळाच काढली, आणि आनंदीबाई-केइको त्या परक्या थंड शहरात एका बाकावर शेजारी बसल्या होत्या.

आम्हाला वाटतं, मिचिको आवडण्याचं खरं कारण तिचा चाकू नसावा. आपलं काम कोणतं आणि आपल्यावर लादलेलं कोणतं, यातली रेघ ती स्पष्ट ओढते, आणि ती रेघ ओढायला तिला आवाज चढवावा लागत नाही. हे बायकांना हवंहवंसं वाटतं, जपानमध्येही आणि दुसरीकडेही. फक्त तिने त्यासाठी मोजलेली किंमत, 'मी कधीच चुकत नाही' ही, प्रत्येकीकडून मागितली जाऊ नये. साधारण हुशारीची, साधारण मेहनतीची, कधीमधी चुकणारी आणि चूक सुधारणारी बाईही डॉक्टर म्हणून, कारकून म्हणून, ड्रायव्हर म्हणून मानाने काम करू शकली पाहिजे. साधारण पुरुष ते कधीपासून करत आले आहेत.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात एक करून बघा. दिवसभरात तुम्ही केलेल्या कामांतली कुठली तुमची होती आणि कुठली कुणीतरी गृहीत धरली होती, याची मनातल्या मनात यादी करा. नाही लगेच म्हणायलाच हवं असं नाही. यादी तरी होऊ द्या. पुढच्या वेळी भेटू तेव्हा त्यावर बोलू.